शाळांची बांधकामे आणि सिव्हिलच्या विद्यार्थ्यांची इंटर्नशिप : कोल्हापुरात वेळापत्रक जुळवायचे कसे?

मापपट्टी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातील एका तंत्रनिकेतनात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो आणि विद्यार्थ्यांना प्रशिक्षणासाठी साइटवर पाठवण्याचे कामही माझ्याकडे आहे. तंत्रशिक्षण मंडळाच्या आधीच्या अभ्यासक्रमात, म्हणजे आय-स्कीममध्ये, हे प्रशिक्षण सहा आठवड्यांचे होते. सध्याच्या के-स्कीममध्ये ते बारा आठवड्यांचे झाले असून चौथ्या सत्राची परीक्षा आटोपली की सुरू होते. मुदत वाढली हे चांगलेच झाले, परंतु परीक्षा मे महिन्यात संपते आणि तिथून बारा आठवडे मोजले की आपण ऑगस्टात पोहोचतो. या काळात आपल्याकडे बांधकामांची काय अवस्था असते, हे इथल्या मंडळींना सांगायला नको.

बहुतेक मुले शहरातील अपार्टमेंटच्या कामांवर जातात. माझा आग्रह मात्र शाळांच्या कामांसाठी आहे. दोन वर्गखोल्या, व्हरांडा आणि स्वच्छतागृह एवढे काम पायापासून रंगापर्यंत एका विद्यार्थ्याच्या नजरेत मावते. शिवाय पैसा सार्वजनिक असल्यामुळे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तक आणि देयक ही सगळी साखळी कागदावर असते, जी खासगी बिल्डरच्या साइटवर शिकाऊ मुलाला कोणी दाखवत नाही. बांधकाम व्यवस्थापन हा विषय आम्ही वर्गात बार चार्ट (कामांच्या वेळापत्रकाचा तक्ता) काढून शिकवतो. तो खऱ्या अर्थाने समजतो तो या कागदांचा आणि जागेवरच्या कामाचा मेळ घालताना.

न्यूयॉर्क शहरात शाळांच्या बांधकामासाठी १९८८ साली कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले आणि ते महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना इंटर्न म्हणून घेते. तिथे शाळेची सुट्टी, महाविद्यालयाची सुट्टी आणि बांधकामाचा भर या तिन्ही गोष्टी एकाच उन्हाळ्यात येतात. आपल्याकडे शाळेला सुट्टी मे महिन्यात, विद्यार्थ्याची परीक्षाही मे महिन्यातच, आणि तो मोकळा होतो तेव्हा दारात पाऊस उभा. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळांची कामे ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांनी यावर काय करता येईल ते कृपया लिहावे.

ओळंबा

सर, शाखा अभियंता म्हणून माझी बहुतेक नोकरी शाळाखोल्या, अंगणवाड्या आणि आरोग्य उपकेंद्रांच्या कामांवर गेली. आपण मांडलेली अडचण खरी आहे, पण ती अर्धीच आहे. शाळेच्या कामाला स्वतःचे एक पंचांग असते. कार्यारंभ आदेश बहुधा हिवाळ्यात निघतात, मार्चअखेरीस देयकांची घाई असते, आणि १५ जूनच्या सुमारास शाळा भरणार म्हणून मुख्याध्यापक व सरपंच दोघेही मागे लागलेले असतात. आता उलटे मोजून पाहा. वर्गखोलीच्या सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान १४ दिवस काढता येत नाहीत, आणि हा आकडाही साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी आहे. बाजारातील बहुतेक गोण्यांवर पीपीसी (सावकाश ताकद धरणारे पोझोलाना सिमेंट) लिहिलेले असते, म्हणजे आणखी सबुरी हवी. त्यानंतर प्लास्टर, फरशी, दारे-खिडक्या, वायरिंग आणि रंग. स्लॅब एप्रिलच्या मध्यापर्यंत पडला नाही तर जूनमध्ये मुले ओल्या भिंतींच्या खोलीत बसतात किंवा दोन वर्ग एकत्र भरतात. याचा अर्थ शाळेच्या कामात शिकण्याजोगे जे काही आहे, ते जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांत घडून जाते आणि त्या वेळी तुमचा विद्यार्थी वर्गात बार चार्ट काढत बसलेला असतो.

पश्चिमेकडे तर हा हंगाम आणखी आखूड आहे. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या भागांत जूननंतर चार महिने उघड्यावरचे काम होत नाही, असे धरूनच आम्ही नियोजन करत असू. पूर्वेला शिरोळ, हातकणंगले भागात पाऊस कमी, पण काळी माती. ती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते, त्यामुळे पाया खाली मुरुमापर्यंत न्यावा लागतो आणि खोदाई पावसाआधी उरकावी लागते. एकाच जिल्ह्यातील दोन शाळांची वेळापत्रके एकसारखी असू शकत नाहीत, एवढे जरी विद्यार्थ्याला उमगले तरी तो निम्मा व्यवस्थापक झाला असे मी समजेन.

सेंट्रिंगवाला

मी ठेकेदार आहे, त्यामुळे माझे म्हणणे कदाचित कडू वाटेल. प्रशिक्षणार्थी म्हणून येणारी बरीच मुले पहिल्या आठवड्यात मोबाइलवर फोटो काढतात, दुसऱ्या आठवड्यात येत नाहीत आणि शेवटी शिक्का मारलेले प्रमाणपत्र मागायला येतात. त्यात मुलांचा दोष थोडाच आहे. त्यांना नेमके काय करायचे हे महाविद्यालयाने सांगितलेले नसते आणि आम्हालाही कोणी विचारलेले नसते. साइटवर रिकामा उभा असलेला माणूस म्हणजे आम्हाला जोखीम. वरून सेंट्रिंगची प्लेट पडली, सळई पायात गेली, तर पोलीस ठाण्यात पहिले नाव माझे जाते.

एक मात्र कबूल करतो. लिहिणाऱ्या माणसाची आम्हाला खरोखर गरज असते. सिमेंट किती आले, किती वापरले, काँक्रीटच्या चाचणीचे क्युब (ठोकळे) कोणत्या तारखेला भरले, पाणी कोणी व कधी मारले, हे रजिस्टर माझा मुकादम बिल सादर करायच्या आदल्या दिवशी एकाच पेनाने भरतो. रोजच्या रोज प्रामाणिकपणे नोंदी ठेवणारा विद्यार्थी मिळाला तर त्याला जाण्यायेण्याचा खर्च द्यायला माझी ना नाही.

फळा_खडू

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात वर्गखोल्यांची कामे गावाच्या सहभागातून, समितीमार्फत करायची असा दंडक होता. कल्पना उत्तम होती, परंतु प्रत्यक्षात सिमेंटच्या गोण्या मोजणे, वाळूच्या ट्रॉलीची पावती घेणे आणि कॅशबुक लिहिणे हे सारे शिक्षकांच्याच गळ्यात पडले. आमच्यापैकी कोणालाही सळईचे वजन काढता येत नव्हते. सळई बांधणारा फिटर सांगेल तो आकडा आम्ही लिहीत होतो. तेव्हा सिव्हिलचा एखादा विद्यार्थी आठवड्यातून एक दिवस जरी आला असता, तरी फार मोठा आधार झाला असता.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. या मंडळींना आपल्या मुलांच्या खोलीत काय चालले आहे हे जाणून घ्यायचे असते, पण अंदाजपत्रक समोर ठेवले तर त्यातले काही कळत नाही. विद्यार्थ्याने दर महिन्याच्या बैठकीत दहा मिनिटे उभे राहून साध्या मराठीत सांगावे की एवढे काम झाले, एवढे राहिले आणि अमुक कारणाने थांबले. सर, आपल्या मुलांना अहवाल लिहिता येतो. लोकांसमोर बोलता येत नाही, असा माझा अनुभव आहे.

सुरक्षेविषयीही एक सांगते. शाळा सुरू असताना काम चालले की मधल्या सुट्टीत मुले खडीच्या ढिगावर खेळतात आणि शोषखड्ड्यात डोकावतात. डंपरची वेळ आणि मधल्या सुट्टीची वेळ एक येऊ न देणे हेसुद्धा व्यवस्थापनच आहे, पण ते कोणत्याही नकाशात लिहिलेले नसते.

तिसरे_वर्ष_सिव्हिल

सर्वांना नमस्कार. मी पदविकेची विद्यार्थिनी आहे. सेंट्रिंगवाला काकांनी शिक्क्यांविषयी लिहिले ते खरे आहे. माझ्या ओळखीतील काही जणांना एका कार्यालयाने एकही दिवस न जाता, पैसे घेऊन प्रमाणपत्र दिले. मी मात्र पूर्ण मुदत एका निवासी इमारतीच्या कामावर गेले. बहुतेक काळ पावसामुळे स्लॅबचे काम बंद होते आणि आतले प्लास्टर चालू होते, त्यामुळे वहीत जे लिहिले त्यातले बरेचसे पुस्तकातूनच उतरवावे लागले.

मुलींच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा आहे. खासगी साइटवर स्वच्छतागृह नसते, म्हणून आम्ही दिवसभर पाणी पीत नाही. शाळेच्या आवारात निदान ती सोय असते आणि शिक्षिका असतात, त्यामुळे घरचेही परवानगी देतात. माझा प्रश्न असा की मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून आम्हाला जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात जाता येईल का?

मापपट्टी

ती योजना २०२४ साली सुरू झाली, ती शिक्षण पूर्ण केलेल्या उमेदवारांसाठी. पदविकाधारकांना तिच्यात दरमहा ८,००० रुपये विद्यावेतन ठरले होते. तुमचे शिक्षण चालू असल्यामुळे ती वाट तुम्हाला सध्या उपयोगाची नाही. अभ्यासक्रमातील इंटर्नशिप वेगळी आणि ती महाविद्यालयामार्फतच व्हायला हवी.

ओळंबा

वरचे सगळे प्रतिसाद वाचले. मला वाटते आपण पावसाला उगाच शत्रू ठरवत आहोत. बांधण्यासाठी तो वाईट असेल, पण बांधलेले तपासण्यासाठी त्याच्यासारखा काळ नाही. मे महिन्यात शाळेची इमारत पाहणाऱ्याला सगळे ठीकच दिसते. तीच इमारत जुलैत पाहा: गच्चीचा उतार उलटा आहे की नाही, पावसाच्या पाइपाचे तोंड कचऱ्याने बुजले आहे का, ओल बीमच्या कडेने उतरते की स्लॅबच्या मधोमध, पाणी प्लिंथलगत (जोत्यालगत) साचते का, हे सगळे स्वतःहून दिसते. स्लॅबच्या खालच्या अंगाला तपकिरी डाग आणि रेषेत पोपडे आले असतील तर आतली सळई गंजते आहे असे समजावे. जुन्या दगडी, कौलारू शाळांत कैचीचे लाकूड भिंतीत जिथे शिरते, तिथेच आधी कुजते. खालून टॉर्च मारून ते पाहता येते.

तेव्हा बारा आठवड्यांची पावसाळी इंटर्नशिप चालू बांधकामावर न ठेवता उभ्या शाळांच्या पाहणीसाठी ठेवावी. प्रत्येक विद्यार्थ्याला ठरावीक शाळा द्याव्यात. इमारतीचा साधा नकाशा त्याने स्वतः टेपने मोजून काढावा, त्यावर गळतीच्या जागा आणि भेगा दाखवाव्यात, भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख टाकावी. संशय वाटला तर भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवून ठेवावी. भिंत हलत असेल तर काच तडकते आणि जुनी, थांबलेली भेग असेल तर काच तशीच राहते. ही जुनीच युक्ती आहे आणि तिला खर्च जवळजवळ शून्य येतो. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात शाळेचे छत कोसळून सात मुलांचा जीव गेला. अशा घटनेनंतर सगळीकडे पाहणीचे आदेश सुटतात आणि एकेका शाखा अभियंत्याच्या वाट्याला इतक्या शाळा येतात की तो दारातूनच पाहून पुढे जातो. विद्यार्थ्याने इमारत सुरक्षित आहे असा दाखला कधीही देऊ नये. तो अधिकार त्याचा नाही आणि ती जबाबदारीही त्याच्यावर टाकता कामा नये. पण कोणत्या शाळेत अभियंत्याने आधी पोहोचायला हवे, हे ठरवण्याइतकी माहिती तो नक्की गोळा करू शकतो. संरचनात्मक तपासणी आणि निर्लेखनाचा, म्हणजे इमारत वापरातून काढून पाडण्याचा, प्रस्ताव ही पुढची, जाणकारांची कामे.

शिरोळची_सून

ओळंबा काकांच्या यादीत पुराची भर घालावी असे वाटते. मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती, जिथे धोका पातळी ४३ फुटांची आहे. खाली आमच्या शिरोळकडे पाणी उतरायला किती वेळ लागतो ते नदीकाठच्या लोकांना विचारा. शाळेतील बाके, तांदूळ, संगणक, दाखल्यांचे रजिस्टर सगळे भिजले. त्यानंतर दुरुस्ती झाली ती रंगाची. विजेचा मीटर पुन्हा होता त्याच उंचीवर बसवला गेला.

विद्यार्थ्यांनी अशा शाळांत जाऊन दोन्ही पुरांच्या खुणा भिंतीवरून मोजाव्यात. प्लिंथपासून किती फूट पाणी आले, मीटर आणि स्विचबोर्ड कुठे आहेत, धान्याची कोठी वरच्या मजल्यावर नेता येईल का, शौचालयाच्या टाकीचे झाकण तरंगून गेले होते का, हे लिहून समितीला द्यावे. पुढच्या वेळी नवीन खोली मंजूर झाली की तो कागद अंदाजपत्रकासोबत लावता येईल. सध्या प्लिंथची उंची सगळीकडे सारखीच धरलेली दिसते, मग गाव नदीला लागून असो की माळावर.

फळा_खडू

ताई, प्लिंथ वाढवली तर रॅम्पचेही पाहायला हवे. आमच्या शाळेतील रॅम्पवरून चाकाची खुर्ची ढकलताना मला स्वतःला दम लागतो.

ओळंबा

मॅडम, उताराचे प्रमाण एकास बारा हवे. प्लिंथ ६० सेंटिमीटर असेल तर रॅम्प ७.२ मीटर लांब पडतो. आवारात तेवढी जागा आडवी मिळत नाही म्हणून तो आखूड करतात आणि कागदावर अडथळाविरहित प्रवेश पूर्ण झाल्याची खूण होते. आधीच विचार केला तर व्हरांड्याच्या कडेने वळवून घेता येतो. विद्यार्थ्याने टेप लावून हे माप काढणे म्हणजे पाच मिनिटांचे काम आहे.

आता चालू बांधकामाविषयी. पावसाळ्यात पाहणी केलेल्या शाळांपैकी एखाद्या ठिकाणी पुढे नवीन खोली मंजूर झाली, तर त्याच विद्यार्थ्याला जानेवारीपासून शनिवारी तिथे पाठवावे. रोज गेलेच पाहिजे असे नाही, पण काही दिवस चुकवून चालत नाही. त्यांतला पहिला म्हणजे लाइनआउटचा (जमिनीवर इमारतीची आखणी करण्याचा), दुसरा पायाच्या खोदाईचा तळ पाहण्याचा, आणि तिसरा, जो मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, तो स्लॅबच्या आदल्या संध्याकाळचा.

त्या संध्याकाळी प्लेटा लागलेल्या असतात, सळई बांधून झालेली असते आणि फिटर घरी जायच्या घाईत असतो. विद्यार्थ्याने नकाशा आणि पाच मीटरची टेप घेऊन वर चढावे. बीमच्या सळयांभोवतीच्या रिंगांमधील अंतर आधाराजवळ नकाशात १०० मिलिमीटर लिहिलेले असते आणि जागेवर दीडशे भरते, कारण फिटरने खडूच्या खुणा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच मापाने केलेल्या असतात. स्लॅबच्या सळईखाली, ती प्लेटपासून उचलून धरायला, २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक हवेत. तिथे खडीचे तुकडे सरकवलेले आढळतात, जे काँक्रीट ओतताना निसटतात. सगळ्यात फसवा भाग छज्जाचा. त्याची मुख्य सळई वरच्या बाजूला असावी लागते, पण इलेक्ट्रिकचे पाइप टाकणारा तिच्यावरून चालत गेला की ती खाली दबते. काँक्रीट पडल्यावर बाहेरून काहीच दिसत नाही, आणि टेकू काढले की छज्जा खाली झुकतो.

याच वेळी शाखा अभियंता सळईची मोजमापे घेतो, कारण झाकले जाणारे काम नंतर मोजता येत नाही. विद्यार्थ्याने स्वतः तयार केलेला सळईचा तक्ता त्याच्याशी ताडून पाहावा. मिलिमीटरमधील व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागले की एका मीटरचे वजन किलोत मिळते. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो. मॅडम, आपल्या समितीतील सदस्यांनाही हे एवढे शिकवता येईल.

दुसऱ्या दिवशी क्युब. दोन खोल्या आणि व्हरांड्याला बीमसह साधारण १८ ते २० घनमीटर काँक्रीट लागते. आयएस ४५६ प्रमाणे १६ ते ३० घनमीटरला तीन नमुने, प्रत्येकी तीन क्युब, म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीसाठी नऊ. हे नऊही क्युब सकाळच्या पहिल्या, नीट मोजून केलेल्या मालातून भरले तर ती तपासणी नव्हे. दुपारी जेवणानंतर मिक्सरवाला पाण्याची बादली मनाने ओतू लागतो, तेव्हाचा एक नमुना असलाच पाहिजे.

सेंट्रिंगवाला

काका, दुपारच्या बादलीविषयी आपण लिहिलेत त्यावर मी वाद घालणार नाही. पण रिंगा कमी आढळल्या तर विद्यार्थ्याने कोणाला सांगायचे हे आधीच ठरलेले असावे. त्याने थेट फिटरला दरडावले तर फिटर दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि गावात व्हिडिओ फिरवला तर काम महिनाभर बंद पडते. त्याने वहीत लिहावे, मला दाखवावे आणि अभियंत्याला कळवावे. मी दुरुस्त केले नाही तर मग पुढे काय करायचे ते करा.

मापपट्टी

हा मुद्दा फार मोलाचा आहे. सर्वांच्या सूचनांवरून मी विभागप्रमुखांपुढे ठेवण्यासाठी टिपण करत आहे. पावसाळ्यातील बारा आठवड्यांत उभ्या शाळांची पाहणी. पाचव्या सत्रात त्याच शाळांच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक चालू दरसूचीवरून तयार करणे. आणि सहाव्या सत्राच्या प्रकल्पाचा भाग म्हणून शनिवारी चालू बांधकामावर नोंदी ठेवणे. यासाठी जिल्हा परिषदेच्या शिक्षण आणि बांधकाम या दोन्ही विभागांचे पत्र लागेल. केवळ एका विभागाचे पत्र घेऊन गेलेला विद्यार्थी दुसऱ्या विभागाच्या दारात उभा राहतो, हे मी पाहिले आहे. अपघात विमा आणि हेल्मेट महाविद्यालयाने द्यावे, तसेच काही विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतात म्हणून पालकांचे संमतिपत्र असावे, या दोन अटी मी टिपणात घातल्या आहेत.

प्रमाणपत्राविषयी माझे मत असे झाले आहे की त्यावर फक्त ठेकेदाराचा शिक्का पुरेसा धरू नये. मुख्याध्यापकांची सही आणि समितीच्या बैठकीतील विद्यार्थ्याच्या निवेदनाची नोंद सोबत असावी. पैसे देऊन ती नोंद मिळवणे अवघड जाईल, कारण बैठकीला पालक हजर असतात.

तिसरे_वर्ष_सिव्हिल

सर, एक शंका. मोजमाप पुस्तक आम्हाला हाताळायला मिळेल का? वर्गात आम्ही त्याचा फक्त नमुना पाहिला आहे.

ओळंबा

पाहायला मिळेल, लिहायला मिळणार नाही. त्यात नोंद करण्याचा अधिकार शाखा अभियंत्याचा असतो, पाने क्रमांकित असतात आणि खाडाखोड केली तर तिथे सही करावी लागते. तुम्ही बाजारातून तशीच आखलेली वही आणा, जागेवर अभियंत्याच्या सोबत तुमची मापे स्वतंत्रपणे लिहा आणि संध्याकाळी दोन्ही ताडून पाहा. फरक आला तर आधी टेपचे टोक कोणी आणि कुठे धरले होते ते विचारा. येत्या जानेवारीत करवीर तालुक्यात एखादे काम निघाले तर मी स्वतः एका शनिवारी येईन; टेपचे दुसरे टोक धरायला कोणीतरी लागतेच.